मत्तय १०:२८ मधला ‘तो’ सैतान नव्हे

‘जो आत्मा आणि शरीर दोन्हींचा नरकात नाश करू शकतो, त्याला भ्या.’ बायबलच्या नव्या करारातल्या मत्तय १०:२८ मधला हा ‘तो’ म्हणजे सैतान, असं अनेक ख्रिस्ती घरांत सांगितलं जातं. नरक म्हटलं की सैतानच डोळ्यांपुढे येतो, म्हणून हा घोळ. शिंगं, त्रिशूळ आणि नरकाचा मालक, ही चित्रकारांची देणगी. प्रकटीकरण २०:१० मध्ये तर सैतान स्वतःच अग्निसरोवरात टाकला जातो. तो तिथला कैदी आहे, जेलर नव्हे.

लूक १२:५ वाचा: नरकात टाकण्याचा ‘अधिकार’ ज्याला आहे, त्याचं भय धरा. तारायला आणि नाश करायला समर्थ असा न्यायाधीश एकच, असं याकोब ४:१२ सांगतं. म्हणजे तो ‘तो’ देव. सैतानाबद्दल त्याच अध्यायात काय आहे? त्याला अडवा, तो पळेल. भ्या असं कुठे नाही.

मूळ ग्रीकमध्ये आणखी एक बारकावा दिसतो. वचनाच्या पहिल्या भागात ‘शरीराचा घात करणाऱ्यांना भिऊ नका’ असं आहे. तिथे, माणसांबाबत, ‘भिणे’ या क्रियापदाला ‘पासून’ अशा अर्थाचं अव्यय जोडलंय, म्हणजे त्यांच्यापासून दचकून मागे सरू नका. देवाबाबत ते अव्यय गळतं.

आणि वाचन २८व्या वचनावर थांबवू नका, खरी चूक तिथेच होते. पुढे लगेच चिमण्या येतात: एका असारियनला दोन. असारियन म्हणजे दीनाराचा सोळावा भाग, आणि दीनार ही त्या काळी मजुराची दिवसाची मजुरी. एवढ्या स्वस्त चिमणीवरही पित्याचं लक्ष आहे. म्हणून ३१व्या वचनात ‘भिऊ नका’.