कागदावरचे घोडे : अश्वशक्तीच्या आकड्याची पार्श्वभूमी

गाडीच्या माहितीपत्रकात बहुतेकांची नजर आधी हॉर्सपॉवरच्या आकड्यावर जाते. ८० की १२०, एवढं वाचूनच अनेक जण मनातल्या मनात निकाल लावून मोकळे होतात. हा आकडा मुळात इंजिन विकण्यासाठी ठरला, पुढे कर बसवण्यासाठी वापरला गेला आणि मग जाहिरातीसाठी फुगवला गेला. रोजच्या चालवण्याबद्दल तो जेमतेम अर्धी माहिती देतो.

वाफेच्या इंजिनाची घोड्यांशी तुलना थॉमस सेव्हरी या इंग्रज संशोधकाने १७०२ मध्येच केली होती. तिला माप दिलं ते १७८०च्या दशकात जेम्स वॉटने. वॉट आणि त्याचा भागीदार मॅथ्यू बोल्टन खाणवाल्यांकडून जो मोबदला घेत, तो न्यूकमेनच्या जुन्या वाफेच्या इंजिनाच्या तुलनेत वाचलेल्या कोळशाच्या एक तृतीयांश किमतीइतका असे. गिरणीवाल्यांकडे जुनं इंजिनच नव्हतं, घोडे होते. तेव्हा इंजिन किती घोड्यांचं काम करील, हेच सांगणं भाग पडलं. जुंपलेला घोडा १२ फूट त्रिज्येच्या रिंगणात तासाला १४४ फेरे मारतो आणि १८० पौंडांचा ओढ देतो, असं धरलं तर मिनिटाला ३२,५७२ फूट-पौंड (एक पौंड वजन एक फूट उचलणं म्हणजे एक फूट-पौंड) काम होतं. ते ३३,००० करून टाकलं. आजच्या हिशेबात हे ७४६ वॅट. मेट्रिक अश्वशक्ती, म्हणजे पीएस, थोडी लहान आहे : ७५ किलो वजन सेकंदाला एक मीटर उचलणं, ७३५.५ वॅट. म्हणून १०० बीएचपीचं (ब्रेक हॉर्सपॉवरचं) इंजिन पीएसमध्ये १०१ दिसतं. त्यात भुलण्यासारखं काही नाही.

बीएचपीतला ‘ब्रेक’ गास्पार द प्रोनी या फ्रेंच अभियंत्याच्या १८२१च्या उपकरणाकडे जातो. फिरत्या दांड्यावर घर्षणाचा ब्रेक आवळायचा आणि दांडा त्याला किती जोराने ओढून नेऊ पाहतो ते वजनाने तोलायचं. इथे खरं मोजलं जातं ते पीळ, म्हणजे टॉर्क. शक्ती त्यावरून काढली जाते : न्यूटन-मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम (मिनिटाला होणारे फेरे), भागिले सुमारे ७,०२३, की पीएस आले. पुढचा सगळा घोळ या गुणाकारात आहे.

मोटारी आल्यावर सरकारांना घोडे मोजून कर घ्यायचा होता. ब्रिटनमधल्या आरएसी (रॉयल ऑटोमोबाइल क्लब) सूत्रात सिलिंडरचा व्यास इंचांत घेऊन त्याचा वर्ग करायचा, सिलिंडरच्या संख्येने गुणायचं आणि २.५ने भागायचं. स्ट्रोकची, म्हणजे सिलिंडरमधल्या दट्ट्याच्या खाली-वर धावेची, लांबी हिशेबात नव्हतीच. १९२१पासून दर अश्वशक्तीला एक पौंड कर बसू लागला, तेव्हा कारखान्यांनी सिलिंडर अरुंद आणि लांब करून टाकले. ऑस्टिन सेव्हनचा व्यास ५६ मिमी, स्ट्रोक ७६ मिमी. करापुरते घोडे आठाच्या आत, प्रत्यक्षात सुमारे १०. उलट फोर्ड मॉडेल टी प्रत्यक्षात २०ची, पण सूत्राने २२.५ची ठरत होती.

अमेरिकेत वेगळाच खेळ चालला. १९७१पर्यंत आकडे ‘ग्रॉस’ पद्धतीने देत. म्हणजे एअर फिल्टर, अल्टरनेटर, गाडीतली सायलेन्सरची नळी असं काही न जोडता इंजिन चाचणीच्या बाकावर पळवायचं. १९७२मध्ये हे सगळं जोडून मोजायची ‘नेट’ पद्धत आली आणि कॅडिलॅक एल्डोराडोचं ८.२ लिटरचं इंजिन ३६५वरून २३५वर उतरलं. त्या काळातल्या गाड्यांचे आकडे आजच्यांशी ताडून पाहणं म्हणूनच व्यर्थ आहे.

आता रस्त्यावर या. १,२०० किलोची साधी कार सपाट रस्त्यावर ताशी ५०ने जाताना चाकांशी चारएक पीएस पुरतात, १००ला सुमारे १७ आणि १४०ला ४०. हवेच्या विरोधाला लागणारी शक्ती वेगाच्या घनाने वाढते, हे त्याचं कारण. म्हणजे सरळ चालायला ६० पीएसही भरपूर. खरी गरज पडते ओव्हरटेकला आणि चढाला. माणसं-सामान धरून १,५०० किलो झालेली गाडी ८ सेकंदांत ६०वरून १००वर न्यायची तर ६० पीएसहून जास्त शक्ती फक्त वेग वाढवण्यात जाते, हवेचा विरोध वेगळाच. सहा टक्के चढावर ताशी ६० धरून ठेवायला आणखी २० लागतात. म्हणून आकडा वजनाशी भागून पाहावा, आणि वजन रिकाम्या गाडीचं न घेता भरलेल्या गाडीचं घ्यावं.

छापलेला आकडा शिखराचा असतो, बहुधा साडेपाच-सहा हजार आरपीएमचा. रोज गाडी चालते दोन हजारांच्या आसपास. तिथे साधं पेट्रोल इंजिन १२० न्यूटन-मीटर देत असेल तर हाती ३४ पीएस येतात. तितक्याच छापील शक्तीचं टर्बो इंजिन, म्हणजे धुराच्या जोरावर फिरणाऱ्या पंख्याने जादा हवा आत कोंबणारं, १७० देत असेल तर ४८. पिकअपचा फरक इथे आहे. साध्या इंजिनाची गाडी मरतुकडी वाटते ती बहुतेकदा चालवणारा वरच्या गिअरमध्ये अडून बसतो म्हणून. दोन गिअर खाली घेतले की तेच इंजिन जागं होतं. मात्र उंचीवर त्याची शक्ती दर हजार मीटरला दहाएक टक्क्यांनी घटते, टर्बो ती बरीचशी भरून काढतो. टर्बोचंही दुखणं आहेच : दीड हजार आरपीएमच्या खाली तो झोपलेला असतो, आणि गर्दीत क्लच सोडताना इंजिन गचके देतं.

चाचणीला चार माणसं बसवावीत, एसी चालू ठेवावा आणि तिसऱ्या गिअरमध्ये ४०वरून पेडल दाबून ८० गाठायला किती वेळ लागतो ते पाहावं. इलेक्ट्रिक गाडीत टॉर्क शून्यापासूनच मिळतो, त्यामुळे ही चाचणी ती सहज जिंकते. तिच्यासाठी पाहायचा आकडा दुसराच : मोटर सलग ३० मिनिटं देऊ शकते ती शक्ती. ती शिखराच्या आकड्यापेक्षा बरीच कमी असू शकते, आणि लांब चढावर तीच कामी येते.