घर विकलेलं असलं तरी वारसा करातली घराची सूट कशी मागायची

आईने लंडनच्या हॅरोतलं घर विकलं, मुलाकडे राहायला आली किंवा केअर होममध्ये गेली, आणि वारली तेव्हा तिच्या नावावर घर नव्हतं. मग घराची सूट गेलीच, असं धरून बरेच एक्झिक्युटर (मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारे) तो रकाना कोरा सोडतात. तसं करू नका.

ब्रिटनमध्ये 3,25,000 पौंडांपर्यंतच्या मालमत्तेवर वारसा कर नाही, त्यापुढे सहसा 40 टक्के. राहतं घर मुला-नातवंडांना गेलं तर आणखी 1,75,000 पौंडांपर्यंत सूट. (भारतातला असा कर 1985 साली गेला, त्यामुळे पुण्याच्या काकांना हे फोनवर समजावताना दमछाक होते.) घर विकलं, कुणाला देऊन टाकलं किंवा लहान घेतलं म्हणून या सुटीतलं जे हातचं गेलं, ते भरून काढणारी तरतूद म्हणजे डाउनसायझिंग अ‍ॅडिशन.

घराचा व्यवहार 8 जुलै 2015 रोजी किंवा नंतर आणि मृत्यू 6 एप्रिल 2017 रोजी किंवा नंतर झालेला हवा. त्या घरात ती व्यक्ती कधीतरी राहिलेली असावी. फक्त भाड्याने दिलेला फ्लॅट चालत नाही. मागे उरलेल्यातलं काही तरी मुलं, सावत्र किंवा दत्तक मुलं, नातवंडं यांना मिळायला हवं; सून-जावईही चालतात. पुतणे-भाचे चालत नाहीत, त्यांनी कितीही सेवा केली असली तरी. एकूण मालमत्ता 20 लाख पौंडांच्या वर गेली की दर 2 पौंडांमागे 1 पौंड सूट कमी होते.

विक्रीचे पैसे कुठे गेले, हे मात्र कुणी शोधत बसत नाही. केअर होमच्या फीमध्ये संपले असले तरी हरकत नाही.

आता हिशेब. घटस्फोटित वडिलांनी ऑक्टोबर 2018 मध्ये घर विकलं. कर्ज वजा जाता त्यांचा वाटा 1,00,000 पौंड. तेव्हाची कमाल सूट 1,25,000, म्हणजे वाटा तिच्या 80 टक्के. आजच्या 1,75,000 चे 80 टक्के 1,40,000. पाच लाख पौंड मुलांना ठेवून ते वारले, तर कर 70,000 ऐवजी 14,000. पण मुलांना फक्त 50,000 आणि बाकी भावाला दिलं असतं, तर वाढीव सूटही 50,000 वरच थांबली असती. आधी गेलेल्या जोडीदाराची न वापरलेली सूटही मिळत असेल, तर टक्केवारी काढताना तीही धरायची.

ही सूट आपोआप मिळत नाही. वारसा कराच्या मुख्य फॉर्मसोबत, म्हणजे आयएचटी 400 सोबत, घराच्या सुटीचा फॉर्म आयएचटी 435 भरायचा, जोडीदाराची सूट हवी असेल तर 436 सुद्धा. मुदत मृत्यूचा महिना संपल्यापासून दोन वर्षं: 12 मार्च 2025 ला मृत्यू झाला असेल तर 31 मार्च 2027. कर मात्र सहाव्या महिन्याअखेर भरायचा असतो, त्यामुळे दोन वर्षांवर विसंबून राहू नका.

मृत्युपत्र आणि मृत्यूचा दाखला बहुतेकांकडे असतोच. सापडत नाही तो घर विकतानाचा सॉलिसिटरचा (वकिलाचा) हिशेब: तारीख, किंमत, फेडलेलं मॉर्गेज. संयुक्त मालकी असेल तर कुणाचा वाटा किती होता, त्याचा कागदही लागतो. 2015 नंतर दोनदा घर बदललं असेल तर एकच व्यवहार धरता येतो, कोणता ते एक्झिक्युटरने ठरवायचं. म्हणून दोन्ही फायली काढून आधी दोन्हींची टक्केवारी मांडून बघा.