फ्रेटलेस ऐकला की लगेच जॅको म्हणू नका

परवा गाडीत जुनी गाणी चालू होती, पॉल यंगचं 'व्हेअरेव्हर आय ले माय हॅट' लागलं, आणि गायकाने तोंड उघडायच्या आधीच तो बेस, म्हणजे बेस गिटार, गायला लागला ना, मागच्या सीटवरून मित्र ओरडला, "जॅको! शंभर टक्के जॅको!" मी म्हटलं नाही रे बाबा, पिनो पॅलाडिनो. तो म्हणाला पैज लाव. लावली, मिसळ खाल्ली त्याच्या पैशाने, पण त्याचं खरंच काही चुकलं नव्हतं, कारण हा घोळ भरपूर लोकांचा होतो. म्हणून जरा निवांत लिहितोय.

आधी गाण्याचं. हे मूळ पॉल यंगचं नाहीच, मार्विन गेचं आहे, 1962 मधलं, त्याने नॉर्मन व्हिटफील्ड आणि बॅरेट स्ट्राँगबरोबर लिहिलेलं. 1983 मध्ये पॉल यंगने ते संथ करून गायलं आणि ब्रिटनमध्ये ते तीन आठवडे एक नंबरला बसलं. बेसवर पिनो पॅलाडिनो, वेल्सच्या कार्डिफचा पोरगा, वडील इटालियन, तेव्हा वय जेमतेम पंचवीस. आणि हातात म्युझिक मॅन कंपनीचा फ्रेटलेस, म्हणजे फ्रेट (पट्टीवरचे धातूचे पडदे) नसलेला, स्टिंगरे बेस.

जॅको पास्टोरियस या अमेरिकन बेसवाल्याचं नाव का सुचतं तेही समजण्यासारखं आहे. 1976 ला त्याचा पहिला अल्बम आला, त्याच वर्षी तो वेदर रिपोर्ट या जॅझ बँडमध्ये गेला, आणि त्यानंतर फ्रेटलेस म्हणजे जॅको हे समीकरण लोकांच्या डोक्यात असं फिट्ट बसलं की आपल्याकडे बासरी ऐकली की हरिजी म्हणून मोकळे होतात तसंच. त्याचा बेस म्हणजे 1962 चा फेंडर जॅझ बेस, बटरच्या सुरीने फ्रेट उपटले अशी गोष्ट तो स्वतः सांगायचा, खाचा बुजवल्या आणि पट्टीवर बोटींना लावतात तो इपॉक्सी फासला, त्यामुळे लाकूड काचेसारखं कडक झालं.

आता कान फसतो कुठे ते सांगतो. फ्रेटलेसचा तो जो "म्वाऽऽ" आवाज येतो, सूर लागल्यावर मागून उमलत जातो, तो ऐकून आपण माणूस ओळखायला जातो. पण तो आवाज माणसाचा नाहीच, वाद्याच्या जातीचा आहे. फ्रेट असलेल्या बेसवर तार धातूच्या एका बारीक धारेवर थांबते, सूर लगेच ठाम. फ्रेटलेसवर तार बोटाच्या मांसाखाली लाकडाला टेकते आणि बोटाच्या पुढे पट्टीला घासत घासत थरथरते, म्हणून वरचे स्वर थोडे उशिरा फुलतात. हे जॅकोच्या हातात होणार, पिनोच्या हातात होणार, उद्या मी नीट शिकलो तर माझ्याही हातात होणार (शिकणार नाही, ते सोडा).

तर पहिली पायरी एवढीच की बेस फ्रेटलेस आहे की नाही. इथे आपल्याला सोपं जातं कारण सतार आणि सरोद आपण ऐकलेले असतात. सतारीला पडदे, तिथे मींड घ्यायची तर तार आडवी ओढायची, म्हणजे सूर फक्त वर चढवता येतो आणि मग परत सोडायचा. सरोदला पडदे नाहीत, नुसता पत्रा, नख घासत वर न्या की खाली आणा. बेसचं सेम. फ्रेटवाल्या बेसवर बोट घसरवलं तर नीट ऐका, जिन्याच्या पायऱ्या मोजल्यासारखे स्वर टपटप येतात, फ्रेटलेसवर तीच घसरण घसरगुंडीसारखी अखंड येते. आणि लांब धरलेला सूर थरथरत मूळ जागेच्या खालीही जातोय असं वाटलं तर फ्रेटलेसच समजा, व्हायोलिनवाले बोट पुढेमागे डोलवतात तसं ते असतं.

इथपर्यंत दोघे सारखेच. खरी गंमत पुढे.

जॅझ बेस 1960 चा, स्टिंगरे 1976 चा, दोन्हींमागे लिओ फेंडर हाच माणूस, तारेची लांबी दोन्हींची 34 इंच, त्यामुळे लांबून फोटो बघितला तरी भाऊ भाऊ वाटतात. फरक पिकअपमध्ये, म्हणजे तारेची थरथर पकडणाऱ्या चुंबकांमध्ये. जॅझ बेसला दोन सिंगल कॉइल पिकअप, आत बॅटरी नाही काही नाही, आणि जॅकोचा जीव घोडीजवळच्या पिकअपवर. घोडीजवळ तार ताठ असते, तिथला आवाज नाकातून आल्यासारखा, घोगरा, गुरगुरणारा, प्रत्येक स्वराला कडा असलेला. स्टिंगरेला एकच मोठा हमबकर (दोन कॉइलचा पिकअप), घोडीपासून जरा लांब, आणि आत बॅटरीवर चालणारा प्रीअँप (आवाज आतच वाढवणारं सर्किट), त्यामुळे खाली भरदार आणि वर स्वच्छ. मी तर असं सांगेन की जॅकोचा आवाज बोलतो आणि पिनोचा गातो, पण हे माझं मत झालं, पुरावा नाही.

पुराव्यासारखी गोष्ट एकच, ऑक्टेव्हर. त्या काळातल्या पिनोच्या आवाजात बॉसचं ओसी-2 नावाचं छोटं पेडल असायचं, ते वाजवलेल्या सुराखाली मंद्र सप्तकातला तोच सूर जोडून देतं. म्हणजे पिनो वरच्या तारांवर गायकाला उत्तर दिल्यासारखं काहीतरी वाजवणार आणि त्याच्या खाली एक जाड, थोडासा सिंथसारखा खर्ज सावलीसारखा चालणार. मी हेडफोन लावून, स्पीड निम्मा करून हे गाणं परत परत ऐकलं. वरचा सूर घसरला की खालचाही त्याच क्षणी तेवढाच घसरतो, केसाचाही फरक नाही. दुसऱ्यांदा बसून कोणी वेगळा ट्रॅक वाजवला असता तर घसरण इतकी तंतोतंत जुळलीच नसती. मित्राला हेच ऐकवलं, तो दोन मिनिटं गप्प बसला, आणि तो गप्प बसणं ही मोठी गोष्ट आहे.

जॅकोकडे ती सावली शोधू नका. तिथे वेगळ्या खुणा आहेत, हार्मोनिक्सच्या (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेल्या स्वरांच्या) घंट्या, सोळा-सोळाच्या धावत्या ओळी ज्यात अर्धे सूर दाबून ठोक्यासारखे वाजवलेले. वेदर रिपोर्टचं 'अ रिमार्क यू मेड' ऐका, 1977 चं, तेही संथ, तिथेही बेस गातो, आणि मग लगेच पॉल यंग लावा. पाठोपाठ ऐकलं की घोळ राहतच नाही, वेगवेगळं ऐकलं की राहतो.

एक धोका मात्र सांगून ठेवतो, व्हिडिओ बघून वाद्य ठरवू नका. टीव्हीवर त्या काळी सर्रास टेप लावून नुसते हात हलवायचे, त्यामुळे पडद्यावर दिसतोय तोच बेस रेकॉर्डिंगला होता याची गॅरंटी नाही. कानाला ऑक्टेव्हर ऐकू येतोय आणि चित्रात पेडलची वायर कुठेच नाही असं झालं तर कानाचं ऐका.

आणि उलटाही घोळ होतो, म्हणजे माणूस माहीत असला म्हणून वाद्य कळलं असं नाही. पिनोनेच नंतर फ्रेटलेस बाजूला ठेवून जुना फेंडर प्रिसिजन घेतला, फ्रेट असलेला, वर गुळगुळीत फ्लॅटवाउंड तारा, गायक डी'अँजेलोचा 2000 चा 'व्हूडू' अल्बम त्या आवाजावर उभा आहे. तिथे म्वा नाही, सावली नाही, सूर ठोक्याच्या जरासा मागे रेलून बसलेले आणि मध्ये भरपूर मोकळी जागा.

पैज हरलेल्या त्या मित्राने दुसऱ्या दिवशी हिशोब चुकता करायला मला जॉन मेयर ट्रिओचा 2005 चा लाइव्ह अल्बम पाठवला, त्यातलं रे चार्ल्सचं 'आय गॉट अ वूमन', म्हणजे परत कव्हरच, आणि खाली लिहिलं, "आता सांग हा कोण, हा तरी तुझा पिनो नाही ना?" मी लिहिलं पिनोच आहे. अजून निळी टिक झालीये, उत्तर नाही.