कीपॅड ड्रायव्हरचे कोड-परीक्षण (लिनक्स कर्नल)

लिनक्स कर्नलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) मुख्य शाखेत कोणताही पॅच (कोडमधला बदल) जाण्याआधी इतर विकसक तो बारकाईने वाचतात. या कामाला कोड-परीक्षण म्हणतात. रोजच्या बोलण्यात नुसते ‘रिव्ह्यू’. मॅट्रिक्स कीपॅडचे ड्रायव्हर (उपकरण चालवणारा कोड) ‘ड्रायव्हर्स/इनपुट/कीबोर्ड’ या फोल्डरमध्ये असतात आणि इनपुट उपप्रणालीची देखभाल दमित्री तोरोखोव्ह करतात. असा ड्रायव्हर बहुधा काही शे ओळींचाच असतो. तरीही त्याचे परीक्षण सोपे नाही, कारण सगळी बटणे बरोबर चालतात एवढ्यावरून ड्रायव्हर बरोबर आहे असे ठरत नाही. चुका लपतात त्या अ‍ॅरेच्या (नोंदींच्या रांगेच्या) टोकाला, ड्रायव्हर काढण्याच्या क्षणी आणि वाचन फसते तेव्हा.

मॅट्रिक्स कीपॅडमध्ये आडव्या आणि उभ्या तारांच्या प्रत्येक छेदावर एक बटण असते. ४ आडव्या आणि ४ उभ्या तारा म्हणजे ८ पिनांत १६ बटणे. एरवी सगळ्या उभ्या तारा सक्रिय ठेवलेल्या असतात. बटण दाबले की आडव्या तारेवर इंटरप्ट (प्रोसेसरचे लक्ष वेधणारा संकेत) येतो, ड्रायव्हर आडव्या तारांचे इंटरप्ट बंद करतो आणि डिबाउन्सचा (बटणाचा संपर्क थरथरून स्थिर होण्याचा) वेळ गेल्यावर स्कॅन सुरू करतो. यांत्रिक बटणांना हा वेळ साधारण ५ ते २० मिलिसेकंद लागतो. स्कॅनमध्ये एकेक उभी तार सक्रिय करून आडव्या तारा वाचतात, जुन्या स्थितीशी तुलना करतात आणि जे बदलले तेवढेच इनपुट उपप्रणालीला कळवतात. शेवटी ‘इनपुट_सिंक’ हवेच. ते राहिले तर बदल वरच्या प्रोग्रॅमपर्यंत वेळेवर पोहोचत नाही.

सगळ्यात आधी बघावे ते कीमॅपचे, म्हणजे कोणत्या बटणाचा कीकोड कोणता याच्या सारणीचे, आकारमान. बटणाचा स्कॅनकोड (या सारणीतला त्याचा क्रमांक) ‘आडवा क्रमांक गुणिले उभ्या तारांची संख्या’ असा निघत नाही. आडवा क्रमांक काही बिट डावीकडे सरकवून त्यात उभा क्रमांक मिळवतात, आणि किती बिट सरकवायचे हे उभ्या तारांच्या संख्येवरून, वरच्या दिशेने पूर्ण करून ठरते. ४ तारांना २ बिट पुरतात, ५ तारांना ३ लागतात. समजा ४ आडव्या आणि ५ उभ्या तारांच्या कीपॅडसाठी कोणी ४ × ५ = २० नोंदींची अ‍ॅरे घेतली. शेवटच्या बटणाचा स्कॅनकोड २४ + ४ = २८ येतो, म्हणजे अ‍ॅरेच्या बाहेर. जागा ३२ नोंदींची हवी होती. ४ × ४ च्या कीपॅडवर दोन्ही हिशेब १६ च येतात, त्यामुळे तिथे ही चूक कधीच दिसत नाही. पाच तारांवरही ती सहसा दिसत नाही: २ बाइटांच्या २० नोंदी म्हणजे ४० बाइट, पण ‘केकॅलॉक’ या मेमरी मागणाऱ्या फंक्शनने मागितलेल्या ४० बाइटांसाठी कर्नल किमान ६४ बाइटांचा तुकडा देते आणि २८ वी जागा त्यातच पडते. बटण अगदी नीट चालते. केएसॅन (मेमरीच्या चुका पकडणारे साधन) चालू करून बांधलेल्या कर्नलवर मात्र ती लगेच पकडली जाते.

दुसरी जागा म्हणजे उभी तार सक्रिय केल्यावर वाचनाआधीचा थांबा. पुल-अप रोधक (मोकळी तार वरच्या पातळीवर ओढणारा) १०० किलोओहम आणि तारेची धारिता १०० पिकोफॅरड असेल, तर त्यांचा कालस्थिरांक १० मायक्रोसेकंद. तेवढाही न थांबता वाचले तर आधीच्या तारेवरचे बटण पुढच्या तारेवर दाबल्यासारखे दिसते. थांबा किती हवा हे त्या बोर्डावर अवलंबून असल्याने तो आकडा कोडमध्ये कोरू नये, डिव्हाइस ट्रीमधून (बोर्डावरच्या हार्डवेअरच्या वर्णनातून) घ्यावा. त्या क्षणी सक्रिय नसलेल्या उभ्या तारा इनपुट करून ठेवल्या आहेत का, हेही बघावे. त्या उलट पातळीवर धरून ठेवल्या आणि एकाच आडव्या तारेवरची दोन बटणे दाबली, तर दोन आउटपुट पिना थेट एकमेकींना भिडतात.

आयटूसी (दोन तारांची बस) चिपमार्फत वाचणाऱ्या ड्रायव्हरमध्ये परतीचे मूल्य कोणत्या प्रकारच्या चलात साठवले आहे, ते पाहावे. वाचन फसले की फंक्शन ऋण आकडा देते. चिपने उत्तरच दिले नाही तर बऱ्याचदा उणे ६ येतो. तो थेट ८ बिटांच्या चलात घातला की ऋण न राहता ११११ १०१० होतो, म्हणजे ६ बिट १. वायर सैल झाली की सहा बटणे एकदम दाबली गेली असे दिसते. मूल्य आधी ‘इंट’मध्ये घ्यावे, ऋण असेल तर स्कॅन सोडून द्यावा आणि मगच बिट तपासावेत. शिवाय असे वाचन झोपू शकते (उत्तराची वाट पाहत थांबू शकते), म्हणून ते जिथे थांबणे चालते तिथे, म्हणजे थ्रेडेड इंटरप्टमध्ये किंवा वर्कक्यूतच हवे.

सर्वांत चिवट चुका ड्रायव्हर काढतानाच्या क्रमात असतात. ‘डेव्हएम’ने (ड्रायव्हर निघताना साधने आपोआप सोडणाऱ्या सोयीने) घेतलेली साधने घेतल्याच्या उलट्या क्रमाने सुटतात. इंटरप्ट आधी आणि इनपुट डिव्हाइस नंतर घेतले असेल, तर सुटताना डिव्हाइस आधी जाते आणि इंटरप्ट जिवंत राहतो. तेवढ्यात कोणी बटण दाबले तर मोकळ्या केलेल्या मेमरीवर लिहिले जाते. म्हणून इनपुट डिव्हाइसची जागा आधी घ्यावी. नोंदणी व्हायच्या आत एखादी घटना आली तरी चालते, उपप्रणालीला ते सोसते. तसेच काढण्याच्या फंक्शनमध्ये पुढचे स्कॅनचे काम नुसते रद्द करणे पुरत नाही, कारण ‘डेव्हएम’चा इंटरप्ट ते फंक्शन संपेपर्यंत चालूच असतो आणि नवे काम लावू शकतो. आधी इंटरप्ट बंद, मग काम रद्द.

भुताटकी बटणांचा प्रश्न कोडचा नसून जोडणीचा आहे. आयताच्या तीन कोपऱ्यांवरची बटणे दाबली की चौथेही दाबल्यासारखे वाचले जाते. प्रत्येक बटणाला डायोड असेल तर हा प्रश्न उरत नाही. नसेल तर ड्रायव्हरने असा आयत ओळखून ते वाचन टाकून द्यावे.

डिव्हाइस ट्रीतील कीमॅपची प्रत्येक नोंद ३२ बिटांची असते: वरचे ८ बिट आडवा क्रमांक, पुढचे ८ उभा क्रमांक, उरलेले १६ कीकोड. बाइंडिंगचे (डिव्हाइस ट्रीत कोणत्या नोंदी कशा लिहायच्या याचे) वर्णन यॅमल या मजकूर-स्वरूपात, वेगळ्या पॅचमध्ये आणि ड्रायव्हरच्या आधी यावे.

चाचणी मागताना ‘इव्हटेस्ट’ या बटणांच्या घटना दाखवणाऱ्या प्रोग्रॅमचा निकाल पुरेसा धरू नये. एक बटण दाबून धरून ड्रायव्हर सिस-एफएसमधून (कर्नलची उपकरणे फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या फोल्डरमधून) वारंवार काढून-जोडून पाहावा, बटण दाबलेले असताना यंत्र झोपवून उठवावे आणि बोर्डावर असतील तेवढ्या तारांच्या शेवटच्या कोपऱ्यातले बटण जरूर दाबावे. समाधान झाले की परीक्षक ‘रिव्ह्यूड-बाय’ ही ओळ देतो. पुढच्या आवृत्तीत कोड बराच बदलला, तर पाठवणाऱ्याने ती ओळ काढून पुन्हा मागायची असते.