स्थलनिश्चिती (प्राचीन स्थलनामांची)

प्राचीन ग्रंथ, कोरीव लेख, ताम्रपट, मुद्रा व प्रवासवर्णने यांत उल्लेखिलेले स्थळ आजच्या नकाशावर कोठे येते, हे ठरविण्याची पद्धती. पॅलेस्टाइनमध्ये एडवर्ड रॉबिन्सन याने १८३८ मध्ये अरबी गावनावांत टिकून राहिलेल्या हिब्रू रूपांवरून बायबलमधील अनेक स्थळे ओळखली. भारतात अलेक्झांडर कनिंगहॅम याने फाहियान व ह्यूएनत्संग या चिनी यात्रेकरूंनी दिलेली अंतरे आणि दिशा प्रत्यक्ष भूमीवर पडताळून पाहिल्या. त्याने श्रावस्ती उत्तर प्रदेशातील सहेठ-महेठ येथे असल्याचे सांगितले; नंतर व्हिन्सेंट स्मिथ याने ते अमान्य केले. पुढे सहेठ येथील उत्खननात गाहडवाल राजा गोविंदचंद्राचा ताम्रपट मिळाला. त्यात श्रावस्तीलगतच्या जेतवन या बौद्ध विहाराचा उल्लेख असल्याने हा वाद मिटला.

नामसादृश्य हा सर्वांत सोपा आणि म्हणूनच सर्वांत फसवा पुरावा होय. ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांत बसणारे साम्यच विचारात घ्यावे लागते (प्रतिष्ठान–पैठण, शूर्पारक–सोपारा, करहाटक–कऱ्हाड). एकाच नावाची गावे अनेक असतात. चालुक्यांचे कल्याण हे कोकणातील नव्हे, तर कर्नाटकातील बसवकल्याण होय. दानपत्रांत दान दिलेल्या गावाची चतुःसीमा नोंदलेली असते. सीमेवरची दोन-तीन गावे एकाच टापूत सापडली, तर निश्चिती बळकट होते. ग्रीक भूगोलज्ञ टॉलेमीने अक्षांश-रेखांश दिले असले, तरी त्याच्या नकाशात भारतीय द्वीपकल्प चपटे झाल्याने त्याच्या आकड्यांपेक्षा स्थळांचा क्रमच अधिक उपयोगी पडतो.

तगराचा प्रश्न या दृष्टीने उद्‌बोधक आहे. साधारणपणे इ. स. पहिल्या शतकाच्या मध्यास लिहिल्या गेलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर हे मोठे शहर असल्याचे म्हटले आहे. शिलाहार राजे ‘तगरपुरवराधीश्वर’ हे बिरुद मिरवीत. विल्फर्ड याने देवगिरी, भगवानलाल इंद्रजी यांनी जुन्नर, तर रा. गो. भांडारकर यांनी धारूर सुचविले. पहिली दोन स्थळे पैठणच्या पूर्वेस नसल्याने टिकत नाहीत. जे. एफ. फ्लीट याने १९०१ मध्ये धाराशिव जिल्ह्यातील तेर हे गाव पुढे केले. तगर–तयर–तेर ही परंपरा प्राकृतात स्वरमध्य ‘ग’ लोप पावण्याच्या प्रवृत्तीशी जुळते. भडोच–पैठण हे सरळ अंतर सुमारे ३५० किमी. असून पैठण–तेर सुमारे १५० किमी. आहे. म्हणजे दिवसाची मजल अनुक्रमे साडेसतरा व पंधरा किमी. पडते, आणि मालाच्या गाड्यांसाठी ती मेळ खाते. अडचण एकच आहे : तेर पैठणच्या पूर्वेस नसून आग्नेयेस, किंबहुना दक्षिणेकडेच अधिक झुकलेले आहे. नुसती दिशा पाहिली, तर धारूर सरस ठरते. तथापि तेर येथील पांढरीच्या टेकाडांत सातवाहनकालीन वस्तीचे अवशेष, रोमन संपर्काच्या खुणा व हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाल्या असून त्रिविक्रम मंदिराची मूळ वास्तू विटांचे चैत्यगृह असावे, असे मानतात. त्यामुळे फ्लीटचे मत आता सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते.

वाकाटकांची राजधानी प्रवरपूर हिच्याबाबत अशी एकवाक्यता नाही. वा. वि. मिराशी यांनी वर्ध्याजवळचे पवनार सुचविले. रामटेकजवळील मनसर येथील उत्खननानंतर काही अभ्यासक त्या स्थळाकडे वळले आहेत. वत्सगुल्म म्हणजे वाशीम, याविषयी मात्र दुमत नाही.

कोरीव पुरावाही कोणत्या वस्तूवर आहे, हे पाहावे लागते. रुम्मिनदेई येथील अशोकस्तंभावर लुंबिनी गावाचे नाव असून तो लेख निर्णायक मानला जातो. मुद्रांकने (मातीवर उमटविलेले मुद्रेचे ठसे) मात्र पत्रे व मालाबरोबर दूर जाऊ शकतात. उत्तर प्रदेशातील पिप्रहवा येथे शाक्यांची राजधानी कपिलवस्तू येथील भिक्षुसंघाची मुद्रांकने मिळाली; ती तेथील विहाराचीच मानली, तरी विहार आणि राजधानी एकाच जागी होती, असे त्यावरून सिद्ध होत नाही. नेपाळमधील तिलौराकोटचा तटबंदीयुक्त नगराचा दावा त्यामुळे अद्याप कायम आहे.