रानटी टोळ्या (सिव्हिलायझेशन खेळमालिका)

‘सिव्हिलायझेशन’ ही आळीपाळीने खेळायच्या संगणकीय डावपेचांच्या खेळांची मालिका आहे. तिच्यात कोणत्याही राज्याच्या नसलेल्या, सगळ्यांशी सारखेच वैर धरणाऱ्या सशस्त्र पथकांना रानटी टोळ्या म्हणतात. खेळाडूंच्या बोलण्यात त्यांचे नाव ‘बार्बेरियन’, घाईत नुसते ‘बार्ब’. डाव जिंकण्याच्या शर्यतीत या टोळ्या नसतात. त्यांना राजधानी नसते, आणि बहुतेक भागांत त्यांच्याशी बोलणीही करता येत नाहीत. तरीही पहिल्या शंभर चालींत खेळाडूचे राज्य उभे राहते की कोलमडते, हे पुष्कळदा शेजारच्या राजापेक्षा त्याच ठरवतात.

सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी रचलेला पहिला खेळ १९९१ साली आला आणि टोळ्या त्यात पहिल्यापासून आहेत. त्या बहुधा समुद्रातून येत. किनाऱ्याला जहाज लागले की सैनिक उतरत आणि सरळ शहराकडे निघत. शहरात शिबंदी नसली, तर ते शहर टोळ्यांचे होई. त्यांच्यासोबत एक म्होरक्या असे. तो एकटा गाठता आला, तर त्याच्या सुटकेपोटी १०० सोन्याची खंडणी मिळे. म्हणून हल्ला परतवल्यावर माघारी पळणाऱ्या म्होरक्याचा पाठलाग करणे हा त्या काळच्या खेळाडूंचा आवडता उद्योग होता.

२००१ सालच्या तिसऱ्या भागात टोळ्यांना जमिनीवर ठिकाण मिळाले. नकाशावर त्यांचे तळ दिसू लागले, आणि तळ मोडला की सोने हाती येऊ लागले. शहरात घुसलेली टोळी आता शहर बळकावत नसे. खजिना लुटे, चालू बांधकाम उद्ध्वस्त करी किंवा माणसे मारी. २००५ सालच्या चौथ्या भागाने त्यात जंगल आणले. सुरुवातीला लांडगे, सिंह, बिबटे आणि अस्वले फिरतात. ती राज्याच्या हद्दीत पाऊल टाकत नाहीत. पुढे माणसे येतात, आणि त्यांना हद्दीची पर्वा नसते. मोकळ्या मुलखात ती स्वतःची शहरेही वसवतात. चीनची भिंत बांधून पूर्ण झाली, की त्या खंडावरच्या टोळ्यांना जमिनीवरून हद्दीत येता येत नाही. आसपास टोळ्यांचा सुळसुळाट असेल, तर त्या भिंतीला लागलेला प्रत्येक दगड वसूल होतो.

तळांची कल्पना आल्यापासून एक सूत्र ठळक झाले आहे, आणि टोळ्यांचे सगळे वागणे त्यातूनच उलगडते: टोळी अंधारात जन्मते. नकाशाचा जो भाग त्या चालीला कोणाच्याही नजरेत नाही, तिथेच नवा तळ किंवा नवे पथक उगवते. एकदा पाहून झालेली जमीन सुरक्षित असते, असा नवख्या खेळाडूचा समज असतो. तो चुकीचा आहे. नजर हटली की तीच टेकडी पुन्हा टोळ्यांची. म्हणून जाणते खेळाडू एखादे स्वस्तातले पथक उंचवट्यावर नुसते उभे करून ठेवतात. ते लढत नाही, हलत नाही, फक्त पाहते. तेवढ्याने भोवतालची घरे, म्हणजे नकाशावरचे तुकडे, ‘उजेडात’ राहतात आणि तिथे टोळी उगवत नाही. चौकी म्हणजे काय, हे या खेळाइतके स्वच्छ क्वचितच कुठे समजते.

टोळ्यांच्या वागण्याची सर्वांत बारीक घडण २०१६ सालच्या सहाव्या भागात आहे. तळावर बहुधा एक भालेकरी ठाण मांडून असतो आणि एक टेहळ्या बाहेर पडतो. हा टेहळ्या लढायला आलेला नसतो. तो शहर शोधतो, आणि शहर दिसताच त्याच्या डोक्यावर लाल उद्गारचिन्ह उमटते. मग तो मागे वळून तळाकडे धावतो. तो पोहोचला, की तळ जागा होतो आणि पुढच्या काही चालींत पथकांमागून पथके त्या शहरावर सुटतात. तो वाटेतच मेला, तर बातमीही मेली.

इथे एक साधा हिशेब आहे. टेहळ्या एका चालीत तीन घरे जातो, योद्धा दोन. मागे धावून त्याला पकडता येत नाही. त्याला अडवावे लागते: नदी, टेकडी किंवा झाडी आडवी येईल अशा जागी योद्धा आधीच उभा हवा आणि दुसऱ्या बाजूला गोफणवाला. योद्ध्याचे बळ २०, टेहळ्याचे १०. गाठ पडली तर निकाल ठरलेला आहे. अडचण सगळी गाठ पडण्याची. उद्गारचिन्हवाला टेहळ्या झाडीआड दिसेनासा झाला, की अनुभवी खेळाडू देवळाचे काम थांबवून सैनिक घडवायला घेतो.

तळ कुठे पडला यावर हल्ल्याचा रंग ठरतो. जवळ घोडे असतील तर घोडेस्वार आणि घोड्यावरचे तिरंदाज येतात, किनारा असेल तर गलबते. यांतला घोडेस्वारांचा तळ सर्वांत घातक, कारण चौथी-पाचवी विद्या शिकत असलेल्या राज्याकडे त्यांच्या वेगाला उत्तर नसते. टोळ्या शेते आणि खाणी मोडतात, आणि वाटेत एकटा सापडलेला सेटलर (नवे शहर वसवायला निघालेला) किंवा कामकरी पळवून तळावर नेतात. मागे जाऊन त्याला सोडवता येते. शोध लावण्याचे कष्ट टोळ्यांना नाहीत. राज्ये नवी शस्त्रे शिकली, की काही काळाने तीच टोळ्यांच्या हाती दिसतात.

टोळ्या नुसते संकट नाहीत. सहाव्या भागात नेहमीच्या वेगाच्या डावात तळ मोडल्याचे ५० सोने मिळते, आणि तीन रानटी पथके मारली की कांस्यविद्येचा अभ्यास झपाट्याने पुढे सरकतो. २०१० सालच्या पाचव्या भागात तर जर्मनीने तळ जिंकला, की तिथला सैनिक पुष्कळदा बाजू बदलून जर्मनीलाच मिळतो. मात्र टोळ्यांवर हात साफ करून मुरलेली फौज उभी करता येत नाही. चौथ्या भागात त्यांच्याशी लढून मिळणाऱ्या अनुभवाला १० गुणांची मर्यादा आहे, जनावरांशी लढून ५.

या कल्पनेतला खरा दोष नावात आहे. ‘बार्बारोस’ हा ग्रीकांचा शब्द, ज्याची भाषा आपल्याला कळत नाही अशा माणसासाठी. संस्कृतातही ‘बर्बर’ आहे. चौथ्या भागात टोळ्यांच्या शहरांना हूणांसारख्या खऱ्या लोकसमूहांची नावे दिली होती. ज्यांना भाषा, कायदा, देव आणि गाणी होती, त्यांना बिनचेहऱ्याचे लुटारू ठरवणे अन्यायाचे होते. पुढे २०१२ साली हूण ॲटिलासह खेळता येण्याजोगे राज्य म्हणून आले, आणि सहाव्या भागात तोमिरिस राणीचे शक. कालची टोळी राज्य झाली, यात मालिकेने आपली चूक स्वतःच दुरुस्त केली आहे.

२०२१ साली सहाव्या भागाला जोडलेल्या एका पर्यायी प्रकारात तळावर चाल करून जाण्याखेरीज इतर मार्ग खुले झाले. टोळीला लाच देऊन गप्प बसवता येते, तिचे सैनिक भाड्याने घेता येतात, तिला शेजाऱ्यावर सोडता येते. आणि कोणी तळ मोडला नाही, तर काळ गेल्यावर तिथे नगरराज्य उभे राहते. २०२५ सालच्या सातव्या भागाने ‘रानटी’ हा वर्गच काढून टाकला. त्याच्या जागी स्वतंत्र सत्ता आहेत: काही मित्रभावाच्या, काही धाडी घालणाऱ्या. आपले वजन खर्च करून त्यांच्याशी मैत्री जोडली, की त्यांचे नगरराज्य होते आणि खेळाडू त्यांचा अधिपती.