थरारपटाचा प्रारंभप्रसंग

थरारपटाच्या पहिल्या काही मिनिटांत प्रेक्षकाला कथेत ओढून घेण्यासाठी रचलेला प्रसंग किंवा प्रसंगमालिका. तो कधी श्रेयनामावलीच्या, म्हणजे कलाकार-तंत्रज्ञांच्या नावांच्या पाट्यांच्या, आधी येतो, कधी तिच्याबरोबर उलगडत जातो, तर कधी श्रेयनामावली हाच प्रारंभप्रसंग असतो. पात्रांची आणि जागेची ओळख करून देणे हे कोणत्याही चित्रपटाच्या आरंभाचे काम. थरारपटात त्यावर आणखी एक भार पडतो: प्रेक्षकाला काय सांगायचे, काय नुसतेच दाखवायचे आणि काय साफ दडवायचे याचा हिशेब इथे मांडला जातो, आणि पुढचे दोन तास तो पाळावा लागतो. खून, पाठलाग, स्फोट यांतले काहीही न घडता हा प्रसंग अंगावर काटा आणू शकतो. तिन्ही एकदम घडवूनही तो वाया जाऊ शकतो.

ताण आणि गूढ

या दोन गोष्टी एकाच प्रसंगात नांदत असल्या तरी त्यांची घडण उलट आहे. गूढात प्रेक्षकाला पात्रांपेक्षा कमी ठाऊक असते, ताणात जास्त. थरारपटांचे दिग्दर्शक आल्फ्रेड हिचकॉक यांनी फ्रेंच दिग्दर्शक फ्रान्स्वा त्रुफो यांच्याशी १९६२ मध्ये झालेल्या प्रदीर्घ मुलाखतीत हा फरक टेबलाखालच्या बॉम्बचे उदाहरण देऊन समजावला होता. दोघे जण गप्पा मारत बसले आहेत आणि अचानक स्फोट झाला, तर प्रेक्षक पंधरा सेकंद दचकतो. तोच बॉम्ब ठेवताना प्रेक्षकाने पाहिला असेल, तर त्याच रटाळ गप्पा तो पंधरा मिनिटे जीव मुठीत धरून ऐकतो. गप्पा बदललेल्या नाहीत, बदलली आहे ती फक्त प्रेक्षकाची माहिती. प्रारंभप्रसंगाबाबतचे बहुतेक निर्णय अखेर याच प्रश्नापाशी येऊन थांबतात: या क्षणी कोणाला किती ठाऊक आहे?

या विचाराचा सर्वात गाजलेला पडद्यावरचा नमुना मात्र हिचकॉकचा नाही. ऑर्सन वेल्स यांच्या ‘टच ऑफ इव्हिल’ (१९५८) या चित्रपटाचा पहिला शॉट सुमारे तीन मिनिटे वीस सेकंद चालतो आणि त्यात एकही कट, म्हणजे चित्रणातला तोड, नाही. दोन हात बॉम्बचे घड्याळ लावतात. एक माणूस भिंतीच्या कडेने पळत येऊन तो बॉम्ब उघड्या टपाच्या मोटारीच्या डिकीत ठेवतो. एक श्रीमंत पुरुष आणि त्याच्यासोबतची बाई येऊन निवांतपणे गाडीत बसतात. क्रेनवरचा कॅमेरा इमारतींवरून सरकत रस्त्यावर उतरतो. आता फ्रेममध्ये दुसरेच एक नवविवाहित जोडपे पायी चाललेले असते, आणि ती गाडी कधी त्यांच्या मागे, कधी शेजारी, कधी पुढे. रहदारी थांबते, बकऱ्या आडव्या येतात, मेक्सिको आणि अमेरिकेच्या सीमेवरच्या चौकीत कागदपत्रांची विचारपूस होते. गाडीतली बाई म्हणते, माझ्या डोक्यात काहीतरी टिकटिक वाजतेय. तिच्याकडे कोणी लक्ष देत नाही. गाडी चौकटीबाहेर जाते, जोडपे चुंबनासाठी जवळ येते, आणि स्फोटाचा नुसता आवाज येतो. पहिला कट त्यानंतरचा.

छायाचित्रणकार रसेल मेटी यांच्या या शॉटचे कौतुक बहुधा तांत्रिक कसरत म्हणून होते. खरे मर्म वेगळे आहे. कट नसल्यामुळे प्रेक्षकाला वेळेतून सुटका मिळत नाही. संकलक एरवी दहा सेकंदांचे चालणे दोन सेकंदांत उरकतो. इथे घड्याळातला वेळ आणि पडद्यावरचा वेळ एकच. शिवाय गाडी दिसेनाशी झाली की ती दिसत असतानापेक्षा जास्त छळते.

या शॉटची पुढची कहाणीही बोलकी आहे. युनिव्हर्सल स्टुडिओने चित्रपट वेल्स यांच्या हातून काढून घेतला आणि या शॉटवर श्रेयनामावली छापून हेन्री मॅन्सिनी यांचे जोरकस संगीत चढवले. वेल्स यांनी स्टुडिओला ५८ पानी टिपण लिहून आपले म्हणणे मांडले होते. ते समोर ठेवून संकलक वॉल्टर मर्च यांनी १९९८ मध्ये नवे संकलन केले, तेव्हा अक्षरे गेली आणि संगीताच्या जागी रस्त्याचे आवाज आले: प्रत्येक दारूच्या गुत्त्यातून वेगळे गाणे, जवळ येणारा आणि दूर जाणारा गाडीतला रेडिओ. दोन्ही आवृत्त्या लागोपाठ पाहिल्या तर १९५८ च्या आवृत्तीत संगीत आपल्याला घाबरायला सांगत राहते. दुसरीत कोणीच काही सांगत नाही आणि भीती जास्त वाटते. मॅन्सिनींचे संगीत वाईट नाही, पण ते तिथे नको होते.

रिकामी जागा

फ्रिट्झ लांग यांचा ‘एम’ (१९३१) हा त्यांचा पहिला बोलपट. त्याचा आरंभ ध्वनीच्या वापरासाठी अजूनही अभ्यासला जातो. चाळीसारख्या इमारतीच्या अंगणात मुले गोल उभी राहून राज्य कोणावर ते ठरवणारे गाणे म्हणत आहेत. गाण्यात सत्तूर घेऊन येणारा काळा माणूस आहे. वरून एक बाई ओरडते, ते मेलं गाणं बंद करा. कपडे धुणारी दुसरी बाई तिला म्हणते की मुले गातायत तोवर निदान ती आहेत एवढे तरी कळते. हे वाक्य प्रेक्षक सहज ऐकून घेतो. मग ती बाई मुलीसाठी टेबलावर ताट मांडते, घड्याळात टोले पडतात, जिन्यावर दुसऱ्याच मुलांची पावले वाजतात. तिकडे मुलगी एका खांबावर चेंडू आपटत असते. खांबावर खुन्याला पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर करणारा कागद आहे आणि त्यावर एका टोपीवाल्याची सावली पडते. माणूस तिच्याशी गोड बोलतो, शीळ घालत फुगा घेऊन देतो.

हत्या दिसत नाही. आई जिन्यात मुलीचे नाव घेऊन हाका मारते आणि त्या हाकांवर एकेक चित्र येते: रिकामा जिना, वाळत घातलेल्या कपड्यांचा माळा, न वापरलेले ताट. झुडपातून चेंडू घरंगळत येतो. फुगा तारांत अडकतो आणि निसटतो. पडद्यावर कोणी नाही, आणि मुले गात नाहीत म्हणजे काय ते मघाच्या वाक्याने आधीच सांगून ठेवले आहे.

न दाखवण्याचे हे तंत्र पुढे अनेकांनी वापरले. ‘जॉज’ (१९७५) मध्ये रात्री समुद्रात पोहायला गेलेली तरुणी खाली खेचली जाते, पण मासा दिसत नाही. पाण्याखालून वर पाहणारा कॅमेरा आणि जॉन विल्यम्स यांचे दोन स्वरांचे संगीत एवढ्यावर काम भागते. चित्रीकरणात यांत्रिक शार्क वारंवार बिघडत असे, आणि त्या अडचणीने स्टीव्हन स्पीलबर्ग यांना मासा उशिरापर्यंत लपवून ठेवायला भाग पाडले. हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ (१९५८) मध्ये दडवलेली गोष्ट आणखी विचित्र आहे. छतावरच्या पाठलागात पाय घसरलेला गुप्तहेर पन्हळीला लोंबकळतो, त्याला वाचवायला आलेला पोलीस खाली कोसळतो, आणि प्रसंग संपतो. नायक तिथून खाली कसा उतरला हे चित्रपट कधीच सांगत नाही.

श्रेयनामावली

नावांच्या पाट्या ही पूर्वी खुर्ची शोधण्याची वेळ असे. ती बदलण्यात या पाट्यांचे आरेखन करणारे सॉल बास यांचा वाटा मोठा. ‘व्हर्टिगो’त स्त्रीच्या डोळ्यातून गिरकी घेत बाहेर येणारी वळणे आणि बर्नार्ड हरमन यांचे घुमणारे संगीत यांनी पहिले पात्र बोलायच्या आत चित्रपटाचा विषय मांडला होता. ‘सायको’ (१९६०) साठी हरमन यांनी फक्त तंतुवाद्ये वापरली, आणि बास यांच्या तुटणाऱ्या, सरकणाऱ्या पट्ट्या त्या सुरांच्या तालावर धावतात. चित्रपट सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही, असा दंडकच हिचकॉक यांनी ‘सायको’साठी चित्रपटगृहांना घातला होता.

डेव्हिड फिंचर यांच्या ‘सेव्हन’ (१९९५) ची काइल कूपर यांनी केलेली श्रेयनामावली एका छोट्या प्रसंगानंतर येते. खुन्याच्या वह्या शिवल्या जातात, मजकूर खोडला जातो, ब्लेडने बोटांच्या टोकांची कातडी तासली जाते. ठसे का सापडणार नाहीत याचे उत्तर इथे मिळते, पण ते उत्तर आहे हे त्या वेळी कळत नाही. अक्षरे फिल्मवर हाताने ओरखडल्यासारखी थरथरतात. नंतर कित्येक वर्षे प्रत्येक दुसऱ्या थरारपटाची आणि मालिकेची नावे अशीच थरथरत होती. बहुतेकांनी ओरखडे घेतले, माहिती पेरणे तेवढे राहून गेले.

हिंदी आणि मराठी चित्रपटांत

बॉम्बे टॉकीजच्या ‘महल’ (१९४९) ने हिंदीतल्या गूढपटाचा साचा घडवला. वादळी रात्र, ओसाड वाडा, वाड्याची दुर्दैवी प्रेमकथा सांगणारा म्हातारा माळी, आणि भिंतीवरच्या तसबिरीत नव्या मालकाचाच चेहरा. कमाल अमरोही यांचे दिग्दर्शन आणि जर्मन छायाचित्रणकार योझेफ विर्शिंग यांच्या सावल्या यांच्याइतकेच श्रेय एका आवाजाला जाते. ‘आएगा आनेवाला’ दुरून येत असल्याचा भास व्हावा म्हणून लता मंगेशकर खोलीच्या कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनपर्यंत चालत आल्या होत्या. ध्वनिमुद्रिकेवर सुरुवातीला त्यांचे नावही नव्हते. गायिका म्हणून ‘कामिनी’ या पात्राचे नाव छापले होते. गाणे म्हणजे थरारात आलेला व्यत्यय, असे आजचे समीक्षक सरसकट म्हणतात. ‘महल’मध्ये गाणे हाच सुगावा आहे.

राज खोसला यांच्या ‘वह कौन थी?’ (१९६४) चा आरंभ आजही पुरतो. मुसळधार पावसात डॉक्टर गाडी चालवतो आहे, रस्त्यात पांढऱ्या साडीतली बाई उभी. ती गाडीत बसते आणि वायपर बंद पडतात. समोरचे काही दिसत नाही, तरी ती शांतपणे रस्ता सांगत राहते. गाडी थांबते ती कब्रस्तानापाशी. इथे भुताटकी आहे की कोणाची तरी योजना, हा प्रश्न वायपरच्या एका बिघाडातून उभा राहतो. त्यासाठी किंकाळी लागत नाही.

खोसलांच्याच ‘मेरा साया’ (१९६६) चे मूळ मराठी आहे: राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४). ‘मेरा साया’त परदेशाहून धावत आलेल्या वकील नवऱ्याच्या हातांत पत्नी प्राण सोडते, चिता पेटते. त्यानंतर पोलीस सांगतात की एक दरोडेखोर बाई पकडली असून ती स्वतःला तुमची पत्नी म्हणवते. गूढपट सहसा काहीतरी लपवून सुरू होतो; हा मरण स्पष्ट दाखवून सुरू होतो आणि मग आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्यावरच शंका घ्यायला लावतो.

विजय आनंद यांच्या ‘तीसरी मंजिल’ (१९६६) मध्ये जिना चढून गेलेली तरुणी तिसऱ्या मजल्यावरून खाली पडते, आणि राहुल देव बर्मन यांच्या वाद्यवृंदाचा जोर प्रेक्षकाला विचार करायला फुरसत देत नाही. राम गोपाल वर्मा यांच्या ‘कौन’ (१९९९) मध्ये उर्मिला मातोंडकर पावसात एका घरात एकटी आहे आणि दूरदर्शनवर मोकाट खुन्याची बातमी आहे. गाणी नाहीत, पात्रे तीनच.

पुण्यात घडणाऱ्या श्रीराम राघवन यांच्या ‘अंधाधुन’ (२०१८) चा आरंभ कोबीच्या शेतात होतो. एक शिकारी बंदूक घेऊन सशाच्या मागे आहे. सशाचा एक डोळा निकामी. गोळी सुटते आणि प्रसंग तिथेच तुटतो. त्यानंतरचा आंधळा पियानोवादक, त्याची प्रेमकथा, खून, यांचा सशाशी काय संबंध हे बराच काळ कळत नाही; प्रेक्षक ससा विसरूनही जातो. तो परत येतो तेव्हा साऱ्या कथेचा निकाल त्याच्या एका उडीवर लागतो, आणि ते सांगणाऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही हेही पाहणाऱ्यावरच सोडलेले असते.

आरंभ पोलीस ठाण्यात झाला तर काय होते, याची दोन टोके पाहण्यासारखी आहेत. ‘डी.ओ.ए.’ (१९५०) मध्ये कॅमेरा एका माणसाच्या पाठीमागे लांबलचक मार्गिकांतून चालत जातो. तो खुनाची तक्रार द्यायला आला आहे. कोणाचा खून, असे विचारल्यावर म्हणतो, माझा. पहिल्याच संवादात सगळे पत्ते उघडे. जीतू जोसेफ यांच्या मल्याळम ‘दृश्यम’ (२०१३) मध्ये नायक नव्या पोलीस ठाण्यात नुसता बसलेला असतो. चित्रपट न पाहिलेल्यांनी पुढचे वाक्य गाळावे. तो कशावर बसला आहे हे शेवटच्या मिनिटाला कळते, आणि पहिला निरुपद्रवी शॉट मनात पुन्हा चालू होतो. निशिकांत कामत यांनी २०१५ मध्ये ही कथा हिंदीत आणताना ती गोव्यात नेली.

सवंग रूपे आणि आजची परिस्थिती

सवंगपणाचा सर्वात रुळलेला प्रकार म्हणजे शेवटाजवळचा रक्तबंबाळ प्रसंग उचलून पहिल्यांदा दाखवायचा आणि ‘सहा महिन्यांपूर्वी’ अशी पाटी लावून मागे जायचे. त्यात कधी कधी दम असतो, पण बहुतेकदा पटकथेचा पहिला अर्धा तास मंद असल्याची ती कबुली असते. दुसरा प्रकार आवाजाचा: दार उघडले तरी ढोल, मांजर गेले तरी ढोल.

भारतीय चित्रपटगृहात प्रारंभप्रसंगाला आणखी एका गोष्टीशी झुंजावे लागते. सेन्सॉरचे प्रमाणपत्र, आभारांची लांबण, आणि पडद्यावर धूम्रपान असेल तर किमान तीस सेकंदांची तंबाखूविरोधी जाहिरात यांतून पार पडल्यावरच दिग्दर्शकाचा पहिला शॉट येतो. कोपऱ्यातला वैधानिक इशारा अंधाऱ्या फ्रेममधली एकमेव पांढरी वस्तू असतो आणि डोळा आधी तिकडेच जातो.

वेबमालिकांनी गणित बदलले आहे. नेटफ्लिक्सने २०१७ मध्ये श्रेयनामावली ओलांडून पुढे जाण्याचे बटण दिले आणि इतरांनीही ते उचलले. चित्रपटगृहात तिकीट काढलेला माणूस पहिली दहा मिनिटे सहसा उठत नाही. घरी त्याच्या हातात रिमोट आहे. साहजिकच खून आता पहिल्या दोन मिनिटांत, नावांच्या आधी उरकला जातो, आणि ज्या पाट्यांतून ‘सेव्हन’ने माहिती पेरली होती त्या न पाहताच पुढे ढकलल्या जातात.